न पुसताच काच स्वच्छ कशी होते?

माहुलमधल्या खिडकीच्या काचेवर दोन प्रकारचा मळ बसतो. एक बाहेरून येतो: टँकर-ट्रकची वर्दळ, बांधकामे आणि कारखाने यांची धूळ, शिवाय खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर. दुसरा मळ आपणच लावतो, तो म्हणजे काच धुतलेल्या पाण्याचा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने काच धुवावी आणि त्यावर ऊन पडावे, की थोड्याच वेळात पांढरे ठिपके उमटतात. ती धूळ नव्हे. पाणी उडून गेले आणि त्यातले क्षार मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

लांब दांड्याने, क्षारविरहित पाण्याने काचा धुण्याची पद्धत याच साध्या गोष्टीवर उभी आहे. कामगार जमिनीवर उभा राहतो. हातातल्या पोकळ, हलक्या दांड्यातून नळी वर जाते, टोकाला ब्रश असतो आणि ब्रशमधून पाण्याची धार सुटते. काच घासायची, वरून पाणी सोडायचे आणि तशीच ओली ठेवून पुढे जायचे. साबण नाही, वायपर नाही, कोरडे फडकेही नाही. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या ग्राहकाला वाटते, काम अर्धवट टाकून माणूस निघाला. पाणी योग्य असेल तर काम तिथे खरोखरच संपलेले असते.

थोडे गणित करू. धुतल्यानंतर एका मोठ्या खिडकीवर १०० मिलिलिटर पाणी राहिले असे धरा. पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर ते वाळल्यावर काचेवर ५० मिलिग्रॅम पांढरी भुकटी उरते. हेच पाणी १० मिलिग्रॅमचे असेल, तर उरतो एक मिलिग्रॅम, तोही अख्ख्या काचेवर पसरलेला. डोळ्यांना तो दिसत नाही. लिटरला ५०० मिलिग्रॅम ही भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची स्वीकारार्ह मर्यादा आहे. म्हणजे पिण्याला उत्तम असलेले पाणी काचेला चालेलच असे नाही. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतून येणारे पालिकेचे पाणी याहून बरेच मऊ असते, पण वाळल्यावर थोडा डाग तेही सोडते.

क्षार काढायचे दोन टप्पे. आधी आरओ, म्हणजे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून ढकलायचे. बहुतेक क्षार तिथेच अडतात. उरलेसुरले राळेच्या बारीक मण्यांत अडकतात. मणी क्षारांचे आयन धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन व हायड्रॉक्सिल सोडतात. त्या दोघांचे मिळून पुन्हा पाणीच होते. माहुलच्या शेजाऱ्यांना यात नवे काही नाही. वीजकेंद्रे आणि रिफायनऱ्यांच्या बॉयलरना असेच पाणी लागते, नाहीतर नळ्यांत क्षारांची पुटे चढतात. चेंबूरचा आरसीएफ कारखाना तर शहराचे सांडपाणी घेऊन, आरओसह अनेक प्रक्रियांनी शुद्ध करून वापरतो.

हे पाणी ‘भुकेलेले’ असते आणि मळ ओढून घेते, असे विकणारे सांगतात. ते जरा ताणलेले आहे. मळ सुटतो ब्रशने. पाणी तो वाहून नेते. क्षारविरहित पाण्याचा खरा फायदा दिसतो तो वाळताना. साबण नसल्याने धूळ धरून ठेवणारा चिकट थरही मागे राहत नाही. मात्र तेलकट थरापुढे हे पाणी साध्या पाण्याइतकेच दुबळे असते. स्वयंपाकघराच्या खिडकीला किंवा वर्षानुवर्षे वाहनांचा धूर खाल्लेल्या काचेला पहिल्या वेळी साबणाचे पाणी आणि हातच लागतात. ‘एकदाच धुतली आणि डाग तसेच,’ ही तक्रार बहुधा इथूनच निघते. जुन्या क्षारांनी काच कोरली गेली असेल, तर ते डाग कोणत्याही पाण्याने जाणार नाहीत. कामाआधीच हे सांगणारा माणूस प्रामाणिक समजावा.

आता उंचीचे. दोरीला किंवा पाळण्याला लटकून काचा पुसणाऱ्याच्या जिवाला असलेला धोका टळणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरील कामाचे नियम आले, त्यानंतर शिडीऐवजी दांड्याकडे कल वाढला. पण माहुलमधल्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीतील इमारती सात मजली, म्हणजे सुमारे २० मीटर उंच. चार-पाच मजल्यांपर्यंत दांडा आटोक्यात राहतो, त्यापुढे तो वाकतो, डोलतो. सतत वर पाहून मान आणि खांदे भरून येतात. जवळून विजेची तार जात असेल तर काम करूच नये, कारण कार्बन फायबरचा दांडा वीज वाहून नेतो. पाणी शुद्ध आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, मळ मिसळताच तेही वीजवाहक होते. शिवाय मुंबईच्या खिडक्यांना बाहेरून ग्रिल असतात, त्यांच्या आड ब्रश पोहोचतच नाही. तिथे आतून, हातानेच पुसावे लागते. कोरड्या फडक्याने झटकू नये, कारण उडालेली धूळ श्वासात जाते.

काच चकचकीत झाली म्हणजे घरातली हवा सुधारली, असा समज मात्र माहुलमध्ये तरी परवडणारा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले होते, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे राहू न इच्छिणाऱ्या प्रकल्पग्रस्तांना घरभाडे देण्याचा आदेश दिला. फुप्फुसांपर्यंत पोहोचणारे अतिसूक्ष्म कण आणि इंधनाच्या वाफा काचेवर नजरेला दिसतीलच असे नाही. उलट, काळवंडलेली काच ही निदान एक खूण असते.

काम करून घेताना ब्रशमधून येणारे पाणी भांड्यात धरून मीटरने मोजायला सांगावे. आकडा दहाच्या आत हवा, शून्य असेल तर उत्तमच. मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. तेल किंवा जंतू नाही. आरओमध्ये बाद होणारे पाणी कुठे जाते, हेही विचारावे. पाण्याची ओढ असलेल्या वस्तीत ते गटारात सोडण्यापेक्षा संडासाच्या टाकीत किंवा जिने धुवायला वापरता येते.

राहिला नेहमीचा प्रश्न: उद्या पाऊस आला तर पैसे वाया? पावसाचे पाणी मुळात वाफेपासून बनलेले, जवळजवळ क्षारविरहित. पहिल्या सरी हवेतली आणि काचेवरची धूळ कालवून ओघळ पाडतात, पण आधीच धुतलेल्या काचेवर ओघळायला फारसे काही उरलेले नसते.