चित्रातले ओठ बोलू लागतात तेव्हा

‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवतो ना? १९९३ सालच्या त्या चित्रपटाने घरोघरच्या मुलांची झोप उडवली होती. त्या बाहुल्याचा आवाज होता दिलीप प्रभावळकरांचा आणि त्याला हलवत होते रामदास पाध्ये. आवाज एकाचा, ओठ हलवणारे हात दुसऱ्याचे! तरी आपल्याला वाटायचं, हा मेला स्वतःच बोलतोय.

हीच करामत कार्टूनमध्ये करायची, तर तिथे बाहुल्याचा जबडाही नसतो. असतं ते नुसतं चित्र. त्याच्या ओठांना बोलतं करण्याचं काम आता संगणक आपण होऊन करू लागलाय. ते कसं, आणि आपल्या मुलांना त्याचं काय, हे आज पाहू या.

कान ऐकतात, डोळेही ऐकतात

तुम्ही म्हणाल, ओठ थोडे मागेपुढे झाले तर बिघडलं कुठे? पण १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड या दोन संशोधकांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. कानावर ‘बा’ पडत होता आणि पडद्यावरचे ओठ ‘गा’ म्हणत होते. पुष्कळांना ऐकू आला ‘दा’! म्हणजे आपण नकळत सगळेच जण ओठ वाचतो.

आमच्या नारपोलीत हे वेगळं सांगायला नको. यंत्रमागाच्या खटाखटीत शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. हातवारे आणि ओठ यांवरच काम भागतं. इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी तर अशी ओठांची भाषाच तयार केली होती. वर्षानुवर्षं असा गोंगाट सोसला की कान मंदावतात, हेही खरंच.

मी शिकवते त्या वर्गात एक मुलगी आहे. तिला कमी ऐकू येतं. फळ्याकडे तोंड करून मी बोलले की तिची वही कोरी राहते. वळून बोलले की भराभर लिहिते. इतर मुलं मोबाईलवर मराठी कार्टून बघून खदखदा हसतात, तेव्हा ही त्यांच्या तोंडाकडे बघत असते. कारण कार्टूनमधले ओठ बहुधा परक्या भाषेत हललेले असतात, आवाज तेवढा मराठीचा वरून चढवलेला. आपल्याला चालतं, तिला नाही चालत.

एका मिनिटाला १४४० चित्रं

चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. मिनिटाला झाली १४४०. एकच चित्र दोनदा वापरलं तरी ७२० उरतातच. म्हणून जुन्या पद्धतीत आधी संवाद ध्वनिमुद्रित करत. मग एक जण तो पुन्हा पुन्हा ऐकून कुठला उच्चार कितव्या चित्राला येतो, ते एका लांबलचक तक्त्यावर लिही. जेकार्डच्या मागावर भोकं पाडलेली कार्डं असतात ना, एकेका धाग्याला एकेक? अगदी तसंच. तक्ता बिनचूक, तर नक्षी बिनचूक.

आपल्याकडे हे काम मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात रुजलं. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथे तयार झाले. पुढे युनिसेफसाठी राम मोहन यांनी ‘मीना’ रंगवली. शाळेत जायला धडपडणारी, पोपट पाळणारी चुणचुणीत पोर. ती दक्षिण आशियातल्या कितीतरी भाषांत बोलली. आवाज बदलले, चित्रं मात्र तीच. प्रत्येक भाषेसाठी ओठ नव्याने काढायचे, तर तेवढे हात आणि तेवढे पैसे आणायचे कुठून?

पापा, बाबा, मामा

आता जरा आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न करता म्हणा : पापा, बाबा, मामा. आहे काही फरक? तीन नाती, पण ओठ एकच! प, फ, ब, भ, म यांना आपल्या व्याकरणाने ओष्ठ्य म्हटलं ते उगीच नाही. उलट ल आणि ळ, न आणि ण यांचा फरक जिभेचा. तो ओठांवर दिसतच नाही.

म्हणून चित्रकाराला बाराखडीएवढी तोंडं काढावी लागत नाहीत. सहा ते नऊ आकृत्यांत भागतं : मिटलेले ओठ, दात जुळलेले, थोडं उघडं तोंड, मोठा ‘आ’, गोल ‘ओ’, चंबूसारखा ‘ऊ’, खालच्या ओठावर वरचे दात, जीभ वर उचललेली आणि गप्प बसलेलं तोंड. ‘आई, मला भूक लागली’ या वाक्यात ‘म’ आणि ‘भू’ला ओठ मिटलेच पाहिजेत. तेवढे दोन साधले की निम्मं काम फत्ते.

यंत्र काय करतं?

पहिली साधी युक्ती म्हणजे आवाज मोठा, तर तोंड मोठं. याने बोलणाऱ्या बाहुल्याचा जबडा हलल्यासारखं दिसतं. पण ‘मामा’ म्हणताना ओठ मिटतीलच याची खात्री नाही. दुसरी युक्ती जास्त शहाणी. संगणक ध्वनिमुद्रण ऐकतो, त्यातले उच्चार ओळखतो आणि कुठल्या क्षणी कुठली आकृती लावायची त्याची यादी करून देतो. वर सांगितलेला तक्ताच तो, फक्त बसल्या बैठकीत तयार होतो. ‘ऱ्हुबार्ब लिप सिंक’ नावाचा असा एक प्रोग्राम फुकट मिळतो. त्याच्या सहा मुख्य आणि तीन जादा आकृत्या आहेत.

मेख अशी, की त्याचा मुख्य कान इंग्रजीवर तयार झालेला. इतर भाषांसाठी नुसत्या ध्वनींवरून अंदाज बांधणारी वेगळी सोय त्यात आहे, आणि मराठीसाठी तीच निवडायची. तरी ‘फळ’मधला ओठांचा फ आणि ‘फोन’मधला दातांचा फ यांत त्याची गफलत होऊ शकते. शेवटी नजर आपल्यालाच फिरवावी लागते.

घरी करून पाहायचं असेल तर

सुट्टीत मुलांना हा उद्योग जरूर द्या.

१. माग बंद असतील, पंखाही बंद असेल, अशा वेळी ध्वनिमुद्रण करा. कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर किंवा गोधडीच्या आडोशाने आवाज घुमत नाही.

२. वाक्यं छोटी ठेवा. एका वेळी एकानेच बोलावं. फाईल ‘डब्ल्यूएव्ही’ प्रकारात ठेवा.

३. मुलाने आरशात पाहून नऊ तोंडं कागदावर काढावीत आणि त्यांचे फोटो घ्यावेत.

४. यंत्राची यादी आली की सगळे प, ब, म तपासा. मिटलेले ओठ किमान दोन चित्रं तरी टिकले पाहिजेत. नाहीतर नजरेत भरत नाहीत.

५. ओठ आवाजाच्या एखादं चित्र आधी हलले तर छान वाटतं. मागून हलले तर खटकतं.

६. अक्षरन्‌अक्षर दाखवू नका. आपण तरी बोलताना कुठे प्रत्येक अक्षराला तोंड उघडतो?

यंत्र आलं की कलावंताची रोजी जाईल, ही धास्ती आहे, आणि ती खोटी म्हणवत नाही. पण यंत्र फक्त ओठ जुळवतं. रागावलेल्या आईची भुवई, खोटं बोलणाऱ्या पोराची चुकवलेली नजर ही त्याच्या यादीत नसते. तक्ते भरण्यात जाणारे तास या गोष्टींना मिळाले, तर चित्र अधिकच जिवंत होईल.

आणि मराठी धड्यांची छोटी चित्रं मराठी ओठांनी करणं आता एखाद्या शिक्षिकेलाही आवाक्यात आलंय. अशा चित्रात बोलणाऱ्याचा चेहरा मोठा आणि समोरून दाखवा, खाली अक्षरंही द्या. कारण ल आणि ळ ओठांवर दिसत नाहीत, हे आपण पाहिलंच. त्या दोन्हींची जोड मिळाली, तर कमी ऐकू येणाऱ्या मुलीला शेजारणीच्या हसण्यावरून गोष्ट ओळखावी लागणार नाही.