मुठीतला झोपाळा

आम्हां मराठीच्या प्राध्यापकांच्या हातून खडूच्या धुळीखेरीज दुसरे काही निघत नाही, असा आमच्या घरचा समज आहे. तो अगदीच खोटा आहे असेही नाही. पण गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी एका वस्तऱ्याची मूठ केली. त्या खटाटोपाची ही हकिगत.

वस्तरा आजोबांचा. पात्याच्या मानेवर ‘सोलिंगेन’ हे जर्मन गावाचे नाव कोरलेले. पाते शाबूत होते. सेल्युलॉइडच्या मुठीला मात्र तडे गेले होते. सेल्युलॉइड १८७०च्या सुमारास अमेरिकेत हस्तिदंताला पर्याय म्हणून पुढे आले. त्यात कापूर असतो. कानस लावताच देवघरासारखा वास सुटला, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून डोकावून गेली. हा पदार्थ जुना होऊन विटू लागला की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि जवळचे पोलाद गंजते. ज्या मुठीने पात्याला सांभाळायचे, तीच त्याला खाऊ लागते! मूठ बदलणे भागच होते.

लाकूड ठरलेले होते. आमचा वाडा पाडला तेव्हा झोपाळ्याच्या शिसवी फळीचा वीतभर तुकडा मी उचलून आणला होता. त्यात एक गाठ होती. गाठीभोवती लाकडाचे तंतू वळसे घेतात, त्यांवरून उजेड निरनिराळ्या कोनांतून परततो आणि जांभळट तपकिरी रंगात काळ्या लाटा हलल्यासारख्या दिसतात. लहानपणी आम्ही तिला ‘मोराचा डोळा’ म्हणत असू. याच झोपाळ्यावर, पाय जमिनीला घट्ट टेकवून, आजोबा दाढी करीत. वाडा बिल्डरला देण्याचा आग्रह माझा. आप्पांनी मुकाट्याने सही केली. पण नंतर तीन वर्षांत त्यांनी वाड्याचा ‘वा’देखील उच्चारला नाही.

मूठ म्हणजे तीन-तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या. एका टोकाला पाते जिच्यावर फिरते ती पितळी खीळ, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमध्ये बसवलेली पाचर. ऐकायला किती सोपे! लाकूड मधोमध चिरून पुस्तकासारखे उघडले की दोन्ही पट्ट्यांवर एकच नक्षी आरशातल्यासारखी उमटते. मी हौसेने डोळा खिळीपाशी घेतला. खिळीचे डोके ठोकून पसरवू लागलो, आणि कट्‌ असा आवाज झाला. पट्टी उकलली.

कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी तुकडे निरखून पाहिले. “सर, डोळा मधी ठेवा. भोक पाडायचं तिथं सरळ शीर पाहिजे. गाठ दिसायला चांगली, पण घाव सोसत नाही.”

आता एकाच जोडीपुरते लाकूड उरले होते. महिनाभर रात्री पेपर तपासून झाले की मी नाकाला रुमाल बांधून बसे, कारण शिसवीची धूळ घशाला झोंबते. खरी परीक्षा पाचरीची. ती केसभर तिरपी झाली तर मिटताना पाते पट्टीवर आपटते आणि धार बोथटते. चार पाचरी फुकट गेल्या, पाचवी बसली. मग जवसाच्या तेलाचे हात दिले. पहिल्याच हाताला मोराचा डोळा उघडला.

नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नान आटोपल्यावर, वस्तरा आप्पांच्या हाती दिला. त्यांचे हात आता कापतात. दाढीचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तो सावकाश उघडला, मिटला, डोळ्यांसमोर धरून वरून पाहिला.

“पातं मधोमध पडतंय,” ते म्हणाले.

मग मुठीवरून अंगठा फिरता फिरता थांबला.

“हा कडीजवळचा ना रे?”

“हो, आप्पा.”

“उजव्या कडीजवळचा. डावी कडी करकरायची. तुझे आजोबा दर दसऱ्याला तिला तेल घालायचे...”

आणि आप्पा वाड्याविषयी बोलत राहिले. फराळाची ताटे तशीच राहिली, चहा निवून गेला. सौ.ने काही न बोलता दुसरा टाकला.