बैल राज्याचा, कायदा कोणाचा?

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत सिरुसेरी नावाचे गाव आहे. आज तेथे संगणक-उद्योगाच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत. २०१७ च्या जानेवारीत या रस्त्यावरील कचेऱ्यांतले तरुण नोकरदार जल्लिकट्टूच्या बाजूने बाहेर पडले. मरीना किनाऱ्यावर तर जनसागर लोटला होता. इतरांना या दृश्याचे नवल वाटले असेल. पण ज्याच्या गावच्या जत्रेतील बैलगाड्यांची शर्यत त्याच निकालाने बंद पडली होती, त्या मराठी माणसाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. भावनेचा भाग वगळला, तर मूळ प्रश्न रूक्षच होता : जनावर कसे वागवावे हे राज्याने ठरवावयाचे की केंद्राने?

राज्यघटनेने याचे उत्तर दोन ठिकाणी विभागून ठेवले आहे. पशुधनाचे जतन, संरक्षण व सुधारणा हा विषय राज्यसूचीतील १५ व्या नोंदीत येतो. खिल्लार बैलाची पैदास कशी सुधारावी, हे महाराष्ट्राने पाहावे. परंतु प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत, १७ व्या नोंदीत आहे. तेथे संसद व विधानमंडळ या दोहोंना अधिकार आहे. मात्र विरोध उत्पन्न झाल्यास २५४ व्या अनुच्छेदानुसार संसदेचा कायदा वरचढ ठरतो. गोठ्यातला एकच बैल असा दोन सूच्यांत बांधलेला असतो.

तमिळनाडूने २००९ साली जल्लिकट्टूचे नियमन करणारा कायदा केला, तो येथेच अडला. संसदेचा १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आधीपासून होता, आणि २०११ मध्ये केंद्राने खेळासाठी शिकविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा विसंगत म्हणून रद्द ठरविला. २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून सूट देऊ केली. तिलाही स्थगिती मिळाली. अधिसूचनेने जे साधत नाही, ते साधण्याची वाट त्याच २५४ व्या अनुच्छेदात होती. राज्याच्या विसंगत कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर तो त्या राज्यापुरता टिकतो. तमिळनाडूने २०१७ मध्ये केंद्रीय कायद्यातच आपल्यापुरती दुरुस्ती करून ही संमती मिळविली. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे बैल दावणीलाच राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा कोठे शर्यतीची घाटे पुन्हा गजबजली.

१८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. वंशरक्षणाचा मुद्दा मोठ्या आवेशाने मांडला गेला होता. तथापि न्यायालयाने हे कायदे मूलतः क्रूरता-प्रतिबंधाच्या नोंदीखालीच धरले.

योगायोग असा की, त्याआधी आठवडाभर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही असाच वाद निकालात निघाला होता. पैदाशीच्या डुकरिणीला किमान २४ चौरस फूट जागा न देणाऱ्या उत्पादकाचे मांस, मग तो कोठल्याही राज्यातला असो, कॅलिफोर्नियात विकू नये, असा त्या राज्याचा कायदा होता. न्यायालयाने तो टिकविला. तेथे त्या विषयावर केंद्रीय कायदेमंडळाने आड येणारा कायदा केलेला नव्हता. आपल्याकडे संसद १९६० सालीच बोलून चुकली होती.

शर्यतीच्या समर्थकांना मात्र एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. राष्ट्रपतींच्या संमतीने टिकलेला राज्याचा कायदाही संसदेला पुढे नवा कायदा करून बदलता वा रद्द करता येतो. तसा परंतुक त्याच अनुच्छेदाच्या शेवटी जोडलेला आहे.