शेवटची दहा पावले

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी जो हुकूम जाहीर केला, त्यातून एका खेळाचा उगम होईल, अशी कल्पना त्यांच्या दरबारातील कोणत्याही खात्याला असण्याचे कारण नव्हते. जीपीएस या नावाने आज घरोघरी ठाऊक झालेली उपग्रहयंत्रणा मुळात लष्करी कामाची. म्हणून नागरिकांसाठी सोडलेल्या तिच्या संकेतांत बुद्धिपुरस्सर कसर ठेवलेली असे, आणि यंत्राने दाखविलेले स्थान खऱ्या स्थानापासून शंभर मीटरपर्यंत ढळत असे. त्या मध्यरात्रीपासून ही कसर बंद झाली आणि तीच यंत्रे दहा-वीस मीटरांच्या आतले स्थान सांगू लागली. या नव्या अचूकतेची कसोटी पाहावी, म्हणून डेव्ह उल्मर या गृहस्थाने ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली. तीत नोंदवही, पेन्सिल, पुस्तके, गलोल आणि चक्क डबाबंद बीन्स असे जिन्नस ठेवले. आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर प्रसिद्ध करून, शोधणाऱ्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, एवढीच अट घातली. माइक टीग नावाच्या एकाने ती थोड्याच दिवसांत शोधून काढली, आणि पुढे जिओकॅशिंग या नावाने हा खेळ जगभर पसरला. उल्मरच्या बादलीच्या दोन गोष्टी मात्र आजच्या नियमांत बसत नाहीत : डबा जमिनीत पुरण्यास आणि त्यात खाद्यपदार्थ ठेवण्यास आता सर्वसाधारणपणे मनाई आहे.

असा खेळ शिक्षकांच्या हाती पडल्यावर त्याचे पाठात रूपांतर व्हावे, हे ओघानेच आले. अक्षांश आणि रेखांश ही आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी पृथ्वीच्या गोलावर ओढलेल्या रेषांची नावे असतात. त्या आपल्या पायांखालूनही जातात, याचा प्रत्यय पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवरचे सुमारे १११ किलोमीटर, त्याचा साठावा भाग जे एक मिनिट ते सुमारे १८५० मीटर, आणि मिनिटाचा हजारावा भाग सुमारे १.८५ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची दोन-अडीच पावले. मिनिटांच्या दशांश चिन्हापुढचा तिसरा अंक एकाने चुकला तर मूल डब्याच्या शेजारच्या झाडाशी जाते, दुसरा चुकला तर अठरा मीटर दूर, आणि पहिला चुकला तर शाळेची हद्द ओलांडून भलत्याच आळीत. स्थानिक किमतीचा धडा इतक्या रोकड्या स्वरूपात फळ्यावर मांडता येत नाही. त्यातच १८ अंश ३०.५०० मिनिटे हा आकडा एखाद्याने १८ अंश ३० मिनिटे ५० सेकंद असा वाचला, तर तो सहाशे मीटरांहून अधिक उत्तरेला जाऊन उभा राहतो. कारण अर्धे मिनिट म्हणजे तीस सेकंद, पन्नास नव्हेत. रेखांशांची तऱ्हा आणखी निराळी. पुण्याच्या अक्षांशावर त्यांचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरांचा भरतो, तर उल्मरच्या बादलीपाशी, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, तो सुमारे ७९ किलोमीटरांवर येतो. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकवटत जातात, या वाक्याचा अर्थ येथे उलगडतो.

प्रत्यक्ष तासाची व्यवस्था फारशी खर्चाची नाही. शिक्षकाने आदल्या दिवशी आवारात चार-पाच प्लॅस्टिकचे डबे दडवावेत आणि चौघाचौघांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाला एकच फोन पुरे. एकाने तो धरावा, दुसऱ्याने आकडे टिपावेत, तिसऱ्याने सूचना वाचावी, चौथ्याने शोधावे, आणि दर डब्यापाशी कामांची अदलाबदल व्हावी, म्हणजे हुशार म्हणविणारा एकच मुलगा सारा कारभार आपल्या हाती घेत नाही. डब्यात बक्षिसाऐवजी प्रश्न असावा. ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यावर कोरलेल्या वर्षाचा शेवटचा अंक, जिन्याच्या पायऱ्यांची संख्या, वडाच्या बुंध्याचा घेर मीटरमध्ये, अशा उत्तरांतून पुढच्या ठिकाणाच्या रेखांशातील गाळलेले अंक मिळावेत. एक उत्तर चुकले की पुढचा डबा सापडत नाही आणि मुले आपण होऊन मागे फिरून पुन्हा मोजतात. लाल शाईच्या फुलीने हे क्वचितच साधते.

परंतु या खेळाचे खरे शैक्षणिक मोल, माझ्या मते, यंत्राची अचूकता जेथे संपते तेथे सुरू होते. फोन काही मीटरांच्या आत आणून सोडतो आणि मग मुका होतो. भिंतीवर आपटून येणारे संकेत, झाडांची दाट पालवी आणि उपग्रहांची त्या घटकेची मांडणी यांमुळे एकाच जागी उभ्या चार गटांच्या फोनांवर शेवटचे अंक चार प्रकारचे दिसतात. यांतला खरा कोणता, हा प्रश्न मुलांनी विचारला की पाठ निम्मा सफल झाला, असे समजावे. अनेक मापे घेऊन त्यांची सरासरी का काढतात आणि प्रत्येक मापाच्या पोटात थोडी चूक का असतेच, हे तेथे कळते. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस १८०२ साली मद्रासेस आरंभ करणाऱ्या आणि १८२३ मध्ये आपल्याकडच्या हिंगणघाट येथे देह ठेवणाऱ्या विल्यम लॅम्बटनचे आयुष्य अशाच चुकांचा हिशेब चुकता करण्यात गेले. शेवटच्या दहा पावलांत मात्र हिशेबही पुरत नाही. दगड जागचा हललेला आहे काय, पाचोळा कोणी सारलेला आहे काय, हे डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि पडद्यावरून नजर उचलण्यास मुलाला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

आवाराबाहेर पडायचे तर विवेक हवा. रस्त्याकाठी किंवा स्थानकाजवळ ठेवलेला डबा पोलिसांच्या लेखी बेवारस वस्तूच ठरतो, आणि तसे समजण्यात त्यांची चूक नाही. जुन्या वास्तूंच्या चिरांत हात घालणे हे तर गैरच. यावरचा उपाय खेळातच तयार आहे. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने २००४ पासून ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार रूढ झाला. त्यात डबा नसतो, ठिकाणी जाऊन भूरचनेचे निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे कृष्णप्रस्तर-स्तंभ किती बाजूंचे आहेत, ते असे का तडकले, हे तेथे उभे राहून लिहिणारी मुलगी दख्खनच्या लाव्ह्याविषयी जे शिकेल, ते परीक्षेनंतर विसरणार नाही.

शोधण्याचा तास झाला की दुसऱ्या तासाला दडविण्याचे काम मुलांकडे सोपवावे. बहुतेक ठिकाणी येथेच कुचराई होते. दडविणाऱ्याला जागेसाठी परवानगी मागावी लागते, माप चार वेळा घ्यावे लागते, परक्याला नेमके कळेल पण आयते हाती लागणार नाही असे मराठी वाक्य लिहावे लागते, आणि दुसऱ्या गटाला डबा सापडला नाही तर दोष आपल्या मापाचा की त्यांच्या वाचनाचा, याचा निवाडा पुराव्यानिशी करावा लागतो. आयत्या आकड्यामागे धावणाऱ्या मुलाला फार तर चपळाई येते; दुसऱ्यांनी विश्वास ठेवून चालावे असा आकडा ज्याने स्वतः काढून दिला, त्याला आकड्याची जबाबदारी कळते, आणि भूगोलाच्या शिक्षकाने गुण द्यायचे ते यासाठी.