पुलर (अवजार)

पुलर हे दंडावर (शाफ्टवर) घट्ट बसलेली पुली, क्लच, दंतचक्र, बेअरिंग किंवा गतिपालचक्र दंडाच्या अक्षाच्या दिशेने ओढून काढण्याचे अवजार आहे. लातूर जिल्ह्यातील जळकोट, उदगीर किंवा नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार यांसारख्या तालुक्याच्या गावी दुचाकी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांत ते मुख्यतः ‘मॅग्नेट पुलर’ म्हणून परिचित आहे. कारण स्कूटर व मोटारसायकलींच्या इंजिनाचे मॅग्नेट, म्हणजे चुंबके बसवलेले गतिपालचक्र, त्याने काढतात. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल या वाहनाचा अडकलेला ड्राइव्ह क्लच काढण्याचे अवजारही याच तत्त्वावर चालते. हे दोन्ही भाग निमुळत्या दंडावर बसतात आणि नट काढल्यानंतरही सहसा हाताने निघत नाहीत.

निमुळती बैठक

ज्या दंडाचा व्यास टोकाकडे कमी होत जातो, त्यावर तशाच निमुळत्या छिद्राचा भाग बसवून नट किंवा बोल्ट आवळला की तो भाग पाचरीप्रमाणे रुततो. गॅरेजच्या भाषेत या बैठकीला ‘टेपर’ म्हणतात. दर १० मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने कमी होत असेल, तर त्या टेपरचे प्रमाण १:१० असते. अशा टेपरची बाजू अक्षाशी ३ अंशांहून थोडा कमी कोन करते.

या कोनाचे स्पर्शगुणोत्तर ०.०५ आहे, तर कोरड्या पोलादाचा पोलादावरील घर्षणगुणांक साधारण ०.१५ धरला जातो. घर्षण कोनापेक्षा प्रभावी असल्याने नट सोडल्यावरही भाग मागे सरकत नाही. हीच ‘स्वयंधारक’ बैठक होय. वरील आकडे धरून गणित केल्यास, नटाने जेवढा दाब दिला त्याच्या सुमारे पाचपट दाब बैठकीच्या पृष्ठभागावर पडतो, आणि भाग काढण्यासाठी नटाच्या दाबाच्या साधारण निम्मे बल लागते. गंजामुळे घर्षणगुणांक ०.३ पर्यंत वाढला, तर हेच बल मूळ दाबाच्या सव्वापट होते. नीट बसवलेला भागही पुढे हट्टाने अडकतो, त्यामागे हे कारण आहे.

अडकण्याची कारणे

पावसाचे किंवा वाहन धुतानाचे पाणी बैठकीत शिरून गंज चढणे, हे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण म्हणजे सूक्ष्म घासणी. नट पुरेसा आवळलेला नसेल, तर इंजिनाच्या कंपनांनी दोन्ही पृष्ठभाग किंचित घासत राहतात, तांबूस भुकटी तयार होते आणि काही ठिकाणी धातू धातूला चिकटतो. प्रमाणाबाहेर आवळलेला नट, बैठकीवरील ओरखडे आणि वाहन दीर्घकाळ बंद राहणे यांमुळेही भाग अडकतो.

स्नोमोबाइलचा ड्राइव्ह क्लच

पट्टा आणि सरकत्या बाजूंच्या दोन पुल्यांची गिअररहित यंत्रणा नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये ‘व्हेरिओमॅटिक’ या नावाने मोटारीत आणली. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे लहान हिमवाहन बाजारात आणले. आज स्नोमोबाइलमध्ये पट्ट्याची हीच यंत्रणा रूढ आहे. भारतात काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटक या वाहनाने फिरतात.

या यंत्रणेतील इंजिनाकडील पुली म्हणजे ड्राइव्ह क्लच. तो क्रँकदंडाच्या निमुळत्या टोकावर बसतो व मधल्या लांब बोल्टने आवळला जातो. बोल्ट काढल्यावर त्याच छिद्रातून पुलर आत घालतात. पुलरचे आटे क्लचच्या अंगातील आट्यांत बसतात आणि त्याचे टोक क्रँकदंडाच्या टोकावर टेकते. पुलर आवळत गेल्यावर दंड आत ढकलला जातो व क्लच बाहेर ओढला जातो. दोन्ही बले एकाच रेषेत असल्याने दंडावर तिरका ताण येत नाही.

दुचाकींमधील वापर

भारतात पट्ट्यावर चालणारी गिअररहित स्कूटर कायनेटिक होंडामुळे परिचित झाली. पुण्यातील कायनेटिक समूह आणि जपानची होंडा कंपनी यांचा तो १९८४ मधील संयुक्त प्रकल्प होता. आजच्या बहुतेक गिअररहित स्कूटरींत पुढची पुली दातेरी दंडावर बसते आणि नट काढल्यावर सहसा हाताने निघते. इंजिनाच्या दुसऱ्या टोकाचे मॅग्नेट मात्र निमुळत्या बैठकीवर असते व त्याला पुलर लागतो.

इटलीच्या वेस्पाच्या रचनेवर आधारलेल्या जुन्या स्कूटरींपैकी अनेकींत मॅग्नेटचा नटच पुलरचे काम करतो. नटाच्या बाहेरच्या बाजूस मॅग्नेटच्या खाचेत एक सर्क्लिप असते. नट उलटा फिरवल्यावर आधी सैल होतो, मग सर्क्लिपला टेकून पुन्हा जड लागतो आणि पुढे फिरवल्यावर मॅग्नेटला बाहेर ओढतो. हा दुसरा जडपणा आटे अडकल्याचा समजून नटावर घाव घातल्यास सर्क्लिपची खाच तुटते.

प्रकार

आट्यांचा पुलर काढायच्या भागातील आट्यांत बसतो. मॅग्नेट आणि ड्राइव्ह क्लच यांसाठी हाच वापरतात व त्याचे माप वाहनानुसार बदलते. दोन किंवा तीन पायांचा जबड्याचा पुलर बेअरिंग व पुल्यांसाठी असतो. ज्या चक्राच्या अंगात बोल्टांची छिद्रे असतात, त्यासाठी पट्टीचा पुलर वापरतात. पातळ पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पुलीच्या कडेला जबडा लावल्यास ती वाकते अथवा तडकते. आयटीआयच्या फिटर, मेकॅनिक मोटर व्हेईकल व मेकॅनिक डिझेल या अभ्यासक्रमांत पुलरचा वापर शिकवला जातो.

काढण्याची पद्धत

प्रथम इंजिन बंद करून प्लगची टोपी काढतात व पट्टा असल्यास तो उतरवतात. चक्र धरून ठेवण्यासाठी धारक अवजार लावतात. पेचकस अडकवून चक्र रोखल्यास पंखा किंवा आवरण फुटते. नटाचे आटे उजवे की डावे हे आधीच पाहतात. पुलरचे व भागाचे आटे साफ करून ग्रीस लावतात आणि पुलर हाताने जाईल तितका आत घालतात. दोन-तीन आट्यांवरच जोर दिल्यास ते सोलले जातात. मॅग्नेट काढताना त्याचा नट दंडाच्या टोकावर सैल ठेवण्याची सोय असल्यास तसा ठेवतात, म्हणजे सुटलेले मॅग्नेट उडून अंगावर येत नाही.

यानंतर पुलर हळूहळू आवळतात, काही वेळ ताणात ठेवतात आणि पुन्हा थोडा आवळतात. तरीही भाग न सुटल्यास ताण कायम ठेवून पुलरच्या माथ्यावर सरळ रेषेत हलका ठोका देतात. बैठक बहुधा ‘टक्’ असा आवाज करून सुटते.

उष्णता आणि द्रवदाब

३० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी छिद्राचे तापमान दंडापेक्षा १०० अंश सेल्सिअसने वाढवले, तर छिद्र सुमारे ०.०३६ मिलिमीटरने मोठे होते. ॲल्युमिनियम याच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. पकड सुटण्यास एवढे अंतर अनेकदा पुरते. मात्र उष्णतेने रबरी सील, प्लास्टिकचे बुश आणि चुंबके खराब होतात आणि पेट्रोलच्या वाफा पेट घेऊ शकतात. त्यामुळे ज्योतीऐवजी गरम हवेचे यंत्र वापरतात, तेही पेट्रोलची टाकी व नळ्या दूर केल्यावर. ड्राइव्ह क्लचमध्ये काही वेळा बोल्टच्या छिद्रात ग्रीस किंवा पाणी भरून पुलर आवळतात. कोंडलेल्या द्रवाचा दाब दंडाच्या टोकावर पडून ओढीला मदत करतो.

चुकीच्या उपायांचे परिणाम

टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँकदंड बहुधा अनेक तुकडे दाबून जोडलेला असतो. चक्राच्या कडेवर आडवा घाव बसल्यास हे तुकडे एका रेषेत राहत नाहीत, दंड डगमगतो आणि बेअरिंगे लवकर खराब होतात. मग क्रँक पुन्हा जुळवण्यासाठी प्रेस व लेथ असलेली कार्यशाळा गाठावी लागते. गावात तशी सोय नसेल, तर मॅग्नेट काढण्याच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी सगळे इंजिन उतरवून उदगीर, लातूर किंवा नांदेडला पाठवावे लागते आणि पेरणीच्या वा सुगीच्या दिवसांत घरातील एकमेव वाहन अडून राहते. घावाने चुंबके निखळणे व पोलादाचे कण डोळ्यांत उडणे हेही धोके आहेत. म्हणून संरक्षक चष्मा आवश्यक मानतात.

पुन्हा बसवणे

भाग निघाल्यावर दोन्ही निमुळते पृष्ठभाग पुसून कोरडे करतात. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल, तर बैठकीवर तेल अथवा ग्रीस लावत नाहीत. मॅग्नेटच्या बैठकीतील अर्धचंद्राकृती चावी मुख्यतः ठिणगीची वेळ जुळवण्यासाठी असते, भार टेपर पेलतो. चावी कापली गेली असल्यास नवी बसवतात. शेवटी नट टॉर्क पान्ह्याने निर्मात्याने ठरवलेल्या मापापर्यंतच आवळतात.