कोरड्या हाताचें सोंवळें

ओलेत्यानें पाणी भरावें, वाळत घातलेल्या सोंवळ्यास कोणीं शिवूं नये, हें शिक्षण आमच्या घरांतून पूर्वापार चालत आलें. मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्यास घरींच पेरिटोनियल डायालिसिस द्यावयाचें झाल्यास याहून कडक सोंवळें पाळावें लागतें. मात्र त्याचा नियम उलटा. येथें ओला हात हाच ओंवळा!

या उपचारांत पोटांतील पातळ पडद्याचा गाळणीसारखा उपयोग करतात. कायम बसविलेल्या नळीवाटे सुमारें दोन लिटर द्रव पोटांत सोडतात व कांहीं तासांनीं तो रक्तांतील मळासह बाहेर काढतात. हें काम हातानें केल्यास दिवसांतून बहुधा चार वेळां, म्हणजे वर्षांत १४०० हून अधिक वेळां, नळीचें तोंड उघडावें लागतें. तितक्याच वेळां जंतूंस दार मोकळें मिळतें. आंत जंतु शिरून पडद्यास सूज आली तर उपचारच बंद पडण्याची, प्रसंगीं प्राणावर बेतण्याची भीति असते.

१९७८ सालीं टोरांटोच्या डॉ. ओरिओपूलोस यांनीं काचेच्या बाटल्यांऐवजीं प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या. पुढें नळी आधीं धुऊन मग द्रव भरणाऱ्या दुहेरी पिशव्या निघाल्या, आणि हा विकार पुष्कळ उतरला. उरलेलें काम घरच्या माणसांचें आहे. पिशवी बदलतांना दारेंखिडक्या लावाव्या, पंखा बंद करावा, मांजरास बाहेर ठेवावें, तोंडाला मास्क बांधावा. हात साबणानें धुऊन पूर्ण कोरडे करावे. कारण नळाच्या थेंबांतही जंतु असतात. नळीचें उघडें तोंड कोठें लागलेंच, तर पुसून पुन्हां जोडूं नये. नळी चिमट्यानें बंद करून दवाखान्यास कळवावें.

आम्हां कोल्हापूरकरांस आणखी दोन पथ्यें आहेत. रोग्यानें पंचगंगेंतील डुबकी वर्ज्य करावी. दुसरें पावसाळ्याचें. २०१९ व २०२१ च्या महापुरांत येथील हमरस्ते बंद पडले होते. अशा वेळीं घरचा उपचार वरदानच. परंतु पिशव्यांचा पुरेसा सांठा आधींच आणून उंच फळीवर कोरडा ठेविला असेल तरच.

एकत्र कुटुंबांत मात्र जंतूंहून भीड अधिक घातक, असें आम्हांस वाटतें. सुनेनें दार लावून घेतलें असतां वडील माणूस सहज दार लोटून आंत येतो, आणि ती संकोचानें गप्प राहते. तेवढ्या अर्ध्या तासापुरती त्या खोलींत तिचीच आज्ञा चालली पाहिजे, आणि हें घरच्या कर्त्यानें स्वतः सर्वांस बजावलें पाहिजे.

शेवटची सूचना. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, तर पोट दुखण्याची वाट पाहूं नये, घरगुती काढ्यांत वेळ दवडूं नये; ती पिशवी न टाकतां तत्काळ दवाखान्यांत न्यावी.