मिसेस पॅटमोरचे डोळे

ज्युलियन फेलोज यांची ‘डाउनटन ॲबी’ ही मालिका इंग्लंडात २०१० ते २०१५ या काळात दाखविली गेली. सरदाराचा वाडा, वर धनी, खाली तळघरात नोकर. प्रेक्षकांनी यातील माणसे कोणत्या मापाने तोलली, ते पाहण्यासारखे आहे. म्हाताऱ्या व्हायोलेटबाईंच्या तिखट जिभेवर सारे खूष. मॅगी स्मिथने भूमिका केलीच तशी! बटलर कार्सन निष्ठावंत, म्हणून प्रिय. थॉमस बॅरो कपटी, म्हणून नकोसा. तो तसा आहेही. टंकलेखन शिकून वाडा सोडणाऱ्या ग्वेनची चर्चा मात्र थोडी. नोकराचा मोठेपणा तो धन्याला किती चिकटून राहतो यावर!

आता स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर घ्या. दृष्टी जाते आहे. काम सुटेल या भीतीने ती ते लपविते. अखेर लॉर्ड ग्रँथम स्वखर्चाने तिला शस्त्रक्रियेसाठी लंडनला धाडतात. प्रेक्षक म्हणतात, काय देवमाणूस! माझा प्रश्न एवढाच, की तिला लपवावे का लागले?

कथा १९१२ मध्ये सुरू होते. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात घरनोकरही आले होते. १९१३ पासून आजारी स्त्रीला आठवड्यास साडेसात शिलिंग, २६ आठवड्यांपर्यंत, असा सर्वसाधारण दर होता. याविरुद्ध मालकिणींनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा भरविली, आणि तिला मोलकरणीही गेल्या! रुग्णालयातील शस्त्रक्रिया मात्र या विम्यात नव्हती. तेव्हा डोळ्यांपुरती पॅटमोर धन्याच्या मर्जीवरच होती. धनी दुसरा असता, तर तिने आणखी काही महिने अंदाजानेच मीठ घातले असते.